आखाजीचा प्रवास आणि मोटारीतला गारवा

वैशाख शुद्ध तृतीया जवळ आली, की आमच्या खानदेशात रस्त्यांना पाय फुटतात. सासुरवाशिणी आखाजीसाठी माहेरी निघतात, पुण्या-नाशिकला नोकरी करणारी मुले गावाकडे येतात आणि सण आटोपला की परतताना आई-वडिलांनाही गाडीत बसवून नेतात. कोणाच्या डोळ्यांची तपासणी राहिलेली असते, कोणाला नातवाच्या मुंजीला जायचे असते. हा सारा प्रवास नेमका अशा दिवसांत घडतो, ज्या दिवसांत नंदुरबार जिल्ह्यातला पारा ४२-४३ अंशांवर सहज जातो आणि दुपारी रस्त्यावर कुत्रेसुद्धा दिसत नाही.

नंदुरबार-दोंडाईचा मार्गावरच्या रनाळ्यात जुन्या धाब्याच्या घरांपैकी काही अजून उभी आहेत. जाड मातीच्या भिंती, वर मातीचे धाबे, लहान झरोके. भर दुपारीही आत गेल्यावर कपाळावरचा घाम आपोआप सुकतो. मोटारगाडी ही याच्या अगदी उलट वस्तू आहे. पातळ पत्रा, चहूबाजूंनी काच आणि मधोमध आपण. काचेतून ऊन आत येते, आतल्या वस्तू तापतात, पण त्या वस्तूंची उष्णता काचेतून परत बाहेर जात नाही. म्हणून उन्हात उभ्या केलेल्या गाडीचे आतले तापमान बाहेरच्यापेक्षा पुष्कळ वर चढते, आणि त्यातली बहुतेक वाढ पहिल्या अर्ध्या तासातच होते. काच दोन बोटे उघडी ठेवल्याने फारसा फरक पडत नाही. गाडीतला एसी ही चैन आहे, असे आपल्या पिढीतल्या अनेकांना अजून वाटते. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला वैशाखात दोनशे किलोमीटर न्यायचे असेल, तर तो औषधाच्या पेटीइतकाच आवश्यक असतो. मालमोटारींच्या चालकांसाठीसुद्धा १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या गाड्यांच्या केबिनमध्ये एसी असणे सरकारने बंधनकारक केले आहे. मग आजीसाठी तो चालू आहे की नाही हे आधी पाहण्यात कसला संकोच?

हे मी अधिकाराने सांगत नाही, पस्तावून सांगतो आहे. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात आईला डोळ्यांच्या फेरतपासणीसाठी रनाळ्याहून नाशिकला न्यायचे होते. आठवडाभर आधी एका गॅरेजमध्ये एसीचा 'गॅस भरून' घेतला होता, त्यामुळे मी निर्धास्त होतो. पहाटे निघायचे ठरले होते. घरची कामे आवरता आवरता अकरा वाजले. दोंडाईचा, चिमठाणे, सोनगीर करत धुळ्यापर्यंत हवा बरी होती. मालेगाव ओलांडले तेव्हा झडपांमधून कोमट वारा येऊ लागला. चांदवडच्या अलीकडे राहुड घाटाच्या चढावर इंजिनाच्या तापमानाचा काटा वर सरकला, तेव्हा एसी बंद करून काचा उघडण्याखेरीज उपाय उरला नाही. दुपारचे तीन वाजले होते. आत आला तो वारा नव्हता, भट्टीची धग होती. मागच्या आसनावर आई गप्प झाली होती. काय होते आहे असे विचारले, तर "काही नाही" म्हणाली. थोड्या वेळाने तिने विचारले, "दोंडाईचा आलं का?" दोंडाईचा मागे पडून साडेतीन तास झाले होते.

त्या प्रश्नाने मी गाडी थांबवली. एका ढाब्याच्या सावलीत बाजेवर तिला झोपवले, लुगडे सैल केले, मान, काखा आणि पायांवर ओले फडके फिरवले, ढाब्यावरच्या पोराने पुठ्ठ्याने वारा घातला. ती शुद्धीवर होती आणि गिळू शकत होती, म्हणून घोट घोट पाणी दिले. अर्ध्या तासाने तिला आपण कुठे आहोत हे उमगले. चांदवडला डॉक्टरांना दाखवले. पुढे तपासणीत रक्तातले सोडियम उतरलेले निघाले. रक्तदाबासाठी तिला लघवी वाढवणारी गोळी चालू होती. त्यात उष्मा, आणि त्यात आणखी एक गोष्ट, जी तिने मला दोन दिवसांनी सांगितली: वाटेत लघवीला कुठे थांबायचे, या संकोचापोटी तिने सकाळपासून पाणीच घेतले नव्हते.

वाचकहो, हा संकोच किती घरांत असेल, याची कल्पना आपल्याला माझ्यापेक्षा अधिक असेल. त्याकडे मी पुन्हा वळणार आहे. आधी यंत्राकडे जाऊ, कारण ते दुरुस्त करणे सोपे आहे.

मोटारीचा एसी थंडी निर्माण करत नाही. तो आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा कंप्रेसर गॅस दाबतो. दाबलेला तापलेला गॅस गाडीच्या तोंडाशी, रेडिएटरच्या पुढे असलेल्या जाळीदार कंडेन्सरमध्ये थंड होऊन द्रवरूप होतो. हा द्रव एका अरुंद झडपेतून सुटला, की डॅशबोर्डच्या आतल्या इव्हॅपोरेटरमध्ये त्याची पुन्हा वाफ होते आणि ती होताना तो भोवतालची उष्णता शोषतो. माठातले पाणी गार होते ते याच तत्त्वावर. फरक इतकाच, की माठातले पाणी उडून जाते आणि गाडीतला गॅस बंद नळ्यांतून पुन्हा पुन्हा फिरतो.

म्हणून 'दरवर्षी गॅस भरावा लागतो' ही समजूत मनातून काढून टाकावी. गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. वर्षानुवर्षांत थोडा झिरपतो हे खरे, पण एका उन्हाळ्यात गारवा गेला असेल, तर कुठेतरी गळती आहे. ती न शोधता गॅस भरणे म्हणजे फुटक्या रांजणात पाणी ओतणे. माझ्या गाडीत नेमके हेच घडले होते. नंतर दुसऱ्या जाणत्या मिस्तरीने कंडेन्सरच्या खालच्या कोपऱ्यावर धुळीने माखलेला तेलकट डाग दाखवला. गॅसबरोबर कंप्रेसरचे तेलही फिरत असते. जिथे गॅस सुटतो तिथे ते तेल पाझरते आणि त्यावर धूळ बसते. असा डाग कुठल्या जोडावर दिसतो का, हे बॉनेट उघडून आपल्यालाही पाहता येते.

गॅरेजमध्ये गेल्यावर तीन गोष्टी विचाराव्यात, आणि विचारताना भिडस्तपणा करू नये. गळतीची तपासणी दाब देऊन केली का? गॅस भरण्यापूर्वी निर्वात पंप किमान वीस-पंचवीस मिनिटे लावला का? आणि गॅस वजन करून भरला का, की नुसत्या अंदाजाने? बहुतेक गाड्यांत बॉनेटखालच्या एका चिठ्ठीवर गॅसचा प्रकार आणि ग्रॅममधले वजन लिहिलेले असते. जास्त गॅस भरला म्हणजे जास्त गार होते, असे नाही. जादा दाबाने गारवा उलट कमी होतो. आपल्याकडच्या बहुसंख्य गाड्यांत 'आर-१३४ए' हा गॅस असतो, काही नव्या गाड्यांत 'आर-१२३४वायएफ'. एकाच्या जागी दुसरा भरू देऊ नये.

गॅसपर्यंत जाण्याआधी घरच्या घरी पाहण्यासारखे पुष्कळ आहे. गाडी चालू असताना गारवा येतो आणि फाटकापाशी किंवा सिग्नलला थांबली की जातो, असे होत असेल तर दोष बहुधा पुढच्या पंख्यात किंवा कंडेन्सरवर साचलेल्या धुळीत असतो. आपल्या भागात शेतरस्त्यांची धूळ, कापसाचे तंतू आणि किडे मिळून त्या जाळीवर जाडसर थर बसतो. तो साध्या नळीच्या हलक्या धारेने धुवावा. गाड्या धुण्याच्या दाबाच्या यंत्राने नव्हे, कारण पातळ पट्ट्या वाकतात. हवा गार आहे पण जोर नाही, असे असेल तर केबिन फिल्टर तुंबलेला असतो. तो बहुतेक गाड्यांत डाव्या बाजूच्या कप्प्यामागे असतो, काढायला पाच मिनिटे लागतात आणि वर्षातून एकदा, धुळीच्या गावात त्याहून लवकर, बदलावा लागतो. ज्या घरात दम्याचा रुग्ण आहे तिथे याला हयगय नको. एसी लावल्यावर कुबट वास येत असेल तर आत बुरशी धरली आहे. मुक्कामाच्या दोन-तीन मिनिटे आधी एसीचे बटण बंद करून नुसता पंखा चालू ठेवण्याची सवय लावली, तर आतला ओलावा सुकतो आणि हा त्रास पुष्कळ कमी होतो. उभ्या गाडीखाली पाणी ठिबकताना पाहून घाबरू नये. ते हवेतून निथळलेले पाणी आहे, यंत्रणा चालू असल्याची ती खूणच. तेच पाणी डाव्या बाजूच्या पायपुसण्यावर साचू लागले, तर मात्र निचऱ्याची नळी तुंबली आहे असे समजावे.

गावाकडे एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठ दांपत्यांच्या गाड्यांविषयी येथे थोडे अधिक लिहिले पाहिजे. मुलगा पुण्यात किंवा परदेशात, गाडी अंगणात ताडपत्रीखाली, आणि ती निघते आखाजीला नाहीतर लग्नाला. अशा गाडीचा एसी वापरून नव्हे, न वापरून बिघडतो. कंप्रेसरमधली रबरी सीलं तेलाने ओली राहावी लागतात. महिनोन्महिने यंत्र फिरलेच नाही तर ती सुकतात आणि गॅस सुटतो. हिवाळ्यातसुद्धा पंधरवड्यातून एकदा गाडी चालू करून दहा मिनिटे एसी लावावा. अंगणात, दार उघड्या जागेत. बंद गॅरेजमध्ये कधीच नाही. शिवाय उंदीर! धान्याच्या घरात उंदीर असतातच आणि बॉनेटखालची ऊब त्यांना आवडते. फिल्टरच्या खोबणीत सरकी आणि चिंध्यांचे घरटे सापडल्याची कथा आमच्या गावात दर दोन घरांआड ऐकू येते. वायर कुरतडलेली असेल तर पंखा ऐन घाटात दगा देतो.

तपासणी प्रवासाच्या आदल्या संध्याकाळी करून उपयोग नाही. निदान दहा दिवस आधी, आणि दुपारी दोन वाजता करावी. सकाळच्या थंडाव्यात कोणताही एसी चांगला वाटतो. साधा तापमापक मधल्या झडपेत खोचून, आतलीच हवा फिरवणारे बटण दाबून, दहा मिनिटे गाडी चालवावी. बाहेर ४० अंश असताना झडपेतली हवा १० ते १४ अंशांच्या आसपास उतरली तर चिंता नाही. ती २० च्या वरच घुटमळत असेल तर गाडी मिस्तरीकडे न्यावी. त्याच फेरीत रेडिएटरमधले शीतक द्रव्य आणि पट्टाही पाहून घ्यावा, कारण घाटात एसी आणि इंजिन या दोघांची उष्णता एकाच तोंडातून बाहेर पडायची असते.

आता माणसाकडे येऊ.

वय वाढते तसा घाम कमी येतो आणि तहानेची जाणीव मंदावते. शरीरात पाणी कमी पडले आहे, हे म्हाताऱ्या माणसाला स्वतःला उशिरा कळते. कधी कळतच नाही. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, रक्तदाबाची आणि मनोविकारांची काही औषधे यांनी हा धोका वाढतो. फ्रान्समध्ये २००३ च्या ऑगस्टमधल्या उष्णतेच्या लाटेत सुमारे १५,००० माणसे दगावली, त्यांतली बहुसंख्य वृद्ध होती. आपल्या शेजारच्या अहमदाबादेने मे २०१० च्या भीषण उन्हाळ्यानंतर २०१३ मध्ये उष्णतेशी सामना करण्याची शहरव्यापी योजना आखली. तीही प्रथम वृद्ध, बालके आणि उन्हात राबणाऱ्यांना डोळ्यांपुढे ठेवून.

'काचा उघडा, वारा लागला की बरे वाटेल' हा आपला जुना उपाय वैशाखात उलटतो. आपल्या त्वचेचे तापमान ३५ अंशांच्या आसपास असते. त्याहून बऱ्याच अधिक तापलेला वारा अंगावर घेतला, की तो शरीर तापवतो आणि सुकवतो. जागतिक आरोग्य संघटनाही ४० अंशांपुढे नुसता पंखा वापरू नका, असेच सांगते. पण अंग ओले असेल तर गोष्ट निराळी. आपल्या कोरड्या हवेत ओला पंचा मानेवर टाकून घेतलेला वारा झटपट गारवा देतो. म्हणून लांबच्या प्रवासात दोन सुती पंचे आणि वापरायच्या पाण्याचा वेगळा कॅन गाडीत असावाच. एसीने दगा दिला तर हीच शिदोरी. खिशात कांदा ठेवायचा असेल तर खुशाल ठेवावा, त्याने अपाय नाही. मात्र त्याच्या भरवशावर पाणी कमी प्यायले जाऊ नये.

पाण्याचा प्रश्न हा खरे तर थांब्याचा प्रश्न आहे. आई-वडिलांना "पाणी प्या" असे दहा वेळा सांगण्यापेक्षा निघण्यापूर्वी "आपण दर दीड तासाने थांबणार आहोत, अमुक अमुक ठिकाणी" असे एकदा सांगावे. कोणत्या पंपावरचे किंवा हॉटेलातले स्वच्छतागृह बरे आहे, पायऱ्या किती आहेत, कमोड आहे का, हे मुलाने आधीच्या फेरीत पाहून ठेवावे. सुनेने किंवा मुलीने बरोबर उतरावे. ज्यांना आवर राहत नाही त्यांच्यासाठी प्रौढांचे डायपर वापरण्यात कमीपणा नाही. हे मात्र चारचौघांत नव्हे, एकांतात आणि आदराने सुचवावे. या थांब्यांचा आणखी एक लाभ आहे: पाय लोंबकळत ठेवून तासन्‌तास बसल्याने पायांतल्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो, तो चार पावले चालल्याने घटतो. ज्यांना हृदयाच्या वा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्याचे माप ठरवून दिले आहे, त्यांनी प्रवासाच्या दिवसाचे माप, आणि लघवीच्या गोळीची वेळही, डॉक्टरांना विचारून घ्यावी. आपल्या मनाने गोळी वगळू नये.

"मला एसी सोसत नाही" हे वाक्य आपण घरोघरी ऐकतो. कित्येकदा त्यामागे पोराचे पेट्रोल जळते ही काळजी असते. पण कित्येकदा तक्रार खरी असते. गुडघ्यांवर, मानेवर, कानात थेट गार झोत बसला की सांधे आखडतात, डोळे कोरडे पडतात. उपाय एसी बंद करण्याचा नाही, झोत वळवण्याचा आहे. झडपा छताकडे कराव्यात. गार हवा जड असते, ती आपोआप खाली उतरते. २४ ते २६ अंश पुरेत. गुडघ्यांवर सुती चादर द्यावी. लहान गाड्यांत मागे झडपाच नसतात, तेव्हा ज्येष्ठांना पुढे बसवावे किंवा मधल्या दोन्ही झडपा दोन आसनांमधून मागे रोखाव्यात. उन्हाची बाजूही पाहावी: आपण दक्षिणेकडे नाशिकच्या दिशेने सकाळी निघालो तर ऊन डावीकडून येते, दुपारनंतर उजवीकडून. काचांवर काळी फिल्म लावण्याचा मोह धरू नये. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच तशा फिल्मला मनाई केली आहे.

गाडीत बसण्यापूर्वी चारही दारे दोन-तीन मिनिटे उघडी ठेवावीत. एका बाजूची काच उतरवून समोरचे दार पाच-सहा वेळा उघड-मीट केले की आतली कोंडलेली धग बाहेर पडते. पट्ट्याचे धातूचे बक्कल हाताने चाचपून पाहावे. म्हाताऱ्या पातळ कातडीला त्याचा चटका बसतो, आणि मधुमेहाने संवेदना कमी झालेल्या माणसाला तो कळतही नाही. आतलीच हवा फिरवणारे बटण गारव्यासाठी उत्तम, पण सतत नको. चार माणसांच्या श्वासाने बंद हवा जड होते, चालकाला पेंग येते. दर अर्ध्या तासाने काही मिनिटे बाहेरची हवा आत घ्यावी. मुक्कामाच्या दहा मिनिटे आधी तापमान थोडे वाढवावे, म्हणजे २५ अंशांतून एकदम ४३ अंशांत पाऊल टाकावे लागत नाही. आणि उभ्या गाडीत एसी लावून कोणालाही झोपवून ठेवू नये. धुरातला विषारी वायू आत शिरला तर त्याला वास नसतो. एसी बंद करून ठेवणे तर त्याहून वाईट. "आजींना चालवत नाही, त्या गाडीतच बसतील, आम्ही दर्शन घेऊन येतो" असे कृपा करून कोणी म्हणू नये.

औषधेही प्रवासीच असतात. इन्सुलिन, श्वासाचे पंप, जिभेखालची गोळी हे सारे आपल्या हातातल्या पिशवीत, सावलीत असावे. डिकीत किंवा डॅशबोर्डवर नव्हे. इन्सुलिन थर्मासमध्ये न्यावे, पण बर्फाला थेट टेकवू नये. गोठलेले इन्सुलिन टाकून द्यावे लागते.

आणि लक्षणे. गप्प होणे, डोके दुखणे, मळमळ, चालताना तोल जाणे, भलतेच काही बोलणे. यांतले शेवटचे दिसले तर पुढच्या गावाची वाट पाहू नये. गाडी सावलीत, माणूस आडवा, अंगावर पाणी आणि वारा, हातातल्या दूरध्वनीवरून १०८; राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ हाही मदतीचा क्रमांक आहे. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये.

या वर्षी आखाजीनंतर आम्ही पहाटे साडेचारला निघालो. पंख्याची वायर नवी, कंडेन्सर नवा, पुढच्या आसनावर आई, मांडीवर चादर. धुळ्याजवळ आणि मालेगावला थांबलो. दोन्हीकडे ती न सांगता उतरली आणि ताकाचा पेला तिने स्वतः मागून घेतला. दहाच्या सुमारास नाशिकला पोहोचलो तेव्हा गाडीखाली पाणी ठिबकत होते. ते पाहून तिने विचारले, "हे गळतंय ते बरं ना?" बरे आहे, असे मी सांगितले.